सव्वा लाख सॅम्पल्समधून एक हलगी कशी शोधायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी विंडोजवर एबलटन लाइव्ह १२ हे संगीत करायचं सॉफ्टवेअर वापरतो. मराठी गाणी आणि मालिकांचं पार्श्वसंगीत प्रोग्रॅम करतो. बाहेरच्या हार्ड डिस्कवर ६०० जीबीच्या आसपास सॅम्पल्स (गाण्यात वापरायचे रेकॉर्ड केलेले छोटे आवाज) आहेत, फाइली सव्वा लाखावर. काही पॅक विकत घेतलेले, काही स्वतः रेकॉर्ड केलेले, काही इकडून-तिकडून आलेले. साधी हलगीची थाप शोधायला दहा मिनिटं जातात. सगळं वाद्यवार लावायला तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा अर्ध्यात सोडलं. फोल्डरांची रचना नेमकी कशी असावी, आणि ती करताना जुने प्रोजेक्ट मोडणार नाहीत ना?"

तीनदा अर्ध्यात सुटलं त्याचं खापर स्वतःच्या आळसावर फोडू नका. हिशेब करून बघा. एक फाइल ऐकून ती कुठे ठेवायची हे ठरवायला तीनच सेकंद धरले, तरी सव्वा लाख फाइलींचे पावणेचार लाख सेकंद होतात, म्हणजे १०४ तास. रोज दोन तास नेटाने बसलात तर ५२ दिवस. तेवढ्यात आणखी चार पॅक आलेले असतात आणि लावून झालेला पहिला ढीग कसा लावला होता हे तुम्हीच विसरलेले असता. हे काम पूर्ण होणारच नाही, असं मानून रचना करायची.

जुन्या पद्धतीचं वाण्याचं दुकान आठवा. मागच्या खोलीत पोती, पुढे हाताशी डबे. पावशेर डाळ मागणारं गिऱ्हाईक आलं म्हणून वाणी पोत्यांत शिरत नाही. माझ्या डिस्कवर गेली काही वर्षं असेच दोन फोल्डर आहेत, एक 'गोदाम' आणि एक 'फळी'. गोदामात सगळं आहे. फळीवर आज मोजलं तर दोन हजारांच्या आतच फाइली आहेत. ऐन कामाच्या वेळी मी गोदामात क्वचित शिरतो, आणि शिरलो तरी घड्याळ लावून.

गोदामाचा नियम एकच: तिथलं काही हलवायचं नाही आणि कशाचं नाव बदलायचं नाही. पॅक जसा आला तसा, देणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरात, त्याच्या लायसन्सच्या कागदासकट पडून राहू दे. पसारा वाटेल, वाटू दे. पहिलं कारण म्हणजे तुमचे जुने प्रोजेक्ट फाइलीच्या पत्त्यावर अवलंबून असतात. दुसरं कारण पैशाचं आहे. उद्या एखाद्या म्युझिक लेबलने विचारलं की हा लूप (फिरून फिरून वाजवायचा तुकडा) कुठून आला, किंवा यूट्यूबवर तुमच्या गाण्यावर कंटेंट आयडीचा, म्हणजे आवाज ओळखून हक्क सांगणाऱ्या यंत्रणेचा, दावा आला (कारण तोच लूप जसाच्या तसा आणखी कुणीतरी त्याच्या गाण्यात वापरलाय), तर पॅकचं नाव आणि पावती दाखवता आली पाहिजे. पॅक फोडून वाद्यवार वाटून टाकले की हा पुरावा स्वतःच्या हातानेच गेला. 'इकडून-तिकडून आलेले' वेगळ्या फोल्डरात कोंडून ठेवा आणि पैसे मिळणाऱ्या कामात वापरू नका. यावर जास्त प्रवचन देत नाही.

मी एकदा नेमकं हेच केलं होतं, म्हणून सांगतोय. दिवाळीची सुट्टी होती, हाताला काम नव्हतं, उत्साह भरपूर. तीन दिवस बसून तबला एकीकडे, ढोलकी दुसरीकडे, किकमध्ये किक असं सगळं चकाचक लावलं. फेब्रुवारीत एका निर्मात्याचा फोन आला की मागच्या वर्षीच्या गाण्याचा फक्त वाद्यांचा ट्रॅक उद्या सकाळी हवा. प्रोजेक्ट उघडला तर खाली केशरी पट्टी: फाइली सापडत नाहीत. आकडा २१२. रात्रभर जागून त्यातल्या बऱ्याचशा शोधल्या. तो शोध कुठे संपला ते शेवटी सांगतो.

आता फळी. फळीवर ठेवायच्या फाइली गोदामातून हलवायच्या नाहीत, त्यांची कॉपी करायची. जागा वाया जाते असं वाटत असेल तर पुन्हा हिशेब: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ म्हणजे सेकंदाला २८८ केबी. सेकंदभराच्या दीड हजार थापा ठेवल्या तरी साडेचारशे एमबी होत नाहीत. फोनमधले दोन व्हिडिओ याहून मोठे असतात. कॉपी असल्यामुळे फळीवर नावं बदलायला, कापाकापी करायला, लेव्हल बदलायला तुम्ही मोकळे. मूळ पोतं मागे शाबूत आहेच.

फळी भरायची कशी? गोदाम ऐकत बसून तर मुळीच नाही. तुमचे शेवटचे वीसेक पूर्ण झालेले प्रोजेक्ट एकेक करून उघडा आणि फाइल मेन्यूतून 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' करा. त्या प्रोजेक्टने बाहेरून घेतलेली प्रत्येक फाइल त्याच्याच फोल्डरात 'सॅम्पल्स'मधल्या 'इम्पोर्टेड'मध्ये येऊन बसते. एका दगडात दोन पक्षी. प्रोजेक्ट स्वतःच्या पायावर उभा राहिला, त्यामुळे उद्या गोदामाची डिस्क गेली तरी तो उघडेल. आणि तुम्ही खरोखर कोणते आवाज वापरता याची यादी आयतीच हाती आली. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा जरा ओशाळलोच. लाखभर फाइली जमवल्या होत्या, पण फिरून फिरून त्याच तीनेकशे आवाजांवर माझी सगळी गाणी उभी होती. ते तीनेकशे म्हणजे फळीचा पहिला हप्ता.

पुढचा हप्ता रोजच्या कामातून येतो. सेशन संपलं की बंद करण्याआधी दहा मिनिटं, आज जे नवीन सापडलं आणि आवडलं त्याची कॉपी फळीवर. नवा पॅक आला तर एका संध्याकाळी एकदाच ऐकायचा, बाणाची कळ दाबत, दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटलं तेवढंच उचलायचं. चारशेतून वीस निघाले तर पॅक चांगला होता असं समजा.

फोल्डरांची रचना हा तुमचा मूळ प्रश्न. माझ्या मते त्याला जितकं महत्त्व दिलं जातं तितकं नाही, तरी एक गोष्ट पक्की आहे. काम करताना डोक्यात जो शब्द येतो तोच फोल्डरचं नाव हवा. "त्या पॅकच्या तिसऱ्या भागातली बाविसावी फाइल हवी" असा विचार कुणी करत नाही. विचार असा येतो की इथे एक कोरडी, छोटी थाप हवी. अंतऱ्याआधी उठाव हवा. मुखड्याखाली काहीतरी हळू सरकणारं हवं. म्हणून माझे वरच्या पातळीचे फोल्डर कामानुसार आहेत: थाप, ठेका, उठाव-तोडा, खळखळ (खुळखुळे, झांज, घुंगरू, टाळ, सगळं इथे), धुम (डग्ग्यापासून सब-किकपर्यंत जे जे खाली वाजतं ते), सूर, माणसं (टाळ्या, हाळी, गर्दीचा 'हुर्यो', शिट्ट्या), वातावरण. आठच. लाइव्हच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे फाइली शोधायच्या खिडकीत, स्क्रोल न करता सगळे एका नजरेत दिसतात. त्यांच्या पोटात वाद्यांचे फोल्डर, आणि तिथेच थांबायचं. तिसरी पातळी केली की काय शोधत होतो हेच विसरायला होतं.

एका फोल्डरात साठाच्या वर फाइली झाल्या की मी त्यातल्या काढतो. वाटून दोन फोल्डर करत नाही, काढतो. साठ थापा सेकंदाला एक या वेगाने ऐकायला एक मिनिट लागतं, आणि मिनिटभराच्या पुढे कान बोथट होतो. तेराव्या हलगीनंतर सगळ्या सारख्याच वाटतात हे तुम्हीही अनुभवलं असेल.

एखादी थाप दोन जागी बसते, तिचं काय? संबळाची खालच्या अंगाची थाप मी पुष्कळदा टॉमसारखी वापरतो. अशा वेळी फाइल एकाच जागी ठेवा आणि लाइव्हमधले कलेक्शन्सचे रंग वापरा. ब्राउझरमध्ये फाइल निवडून १ ते ७ यांपैकी कळ दाबली की तो रंग लागतो, ० दाबला की निघतो. रंग फोल्डरांना आडवे छेदतात, हीच त्यांची गंमत. माझा लाल म्हणजे 'कधीच दगा देत नाही', पिवळा म्हणजे 'चालू कामासाठी बाजूला काढलेलं'. काम संपलं की पिवळा पुसायचा. बाकीचे पाच रंग मी वर्षानुवर्षं वापरलेले नाहीत.

आता नावांकडे येतो, कारण आपल्या वाद्यांच्या बाबतीत खरा घोळ इथे आहे आणि परदेशी व्हिडिओंमध्ये याबद्दल कुणी सांगणार नाही. फाइलींची नावं मी रोमन अक्षरांतच ठेवतो. देवनागरी नाव दिसलं की काही जुने प्लगइन (लाइव्हला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) अजून चौकोन दाखवतात. पण रोमनमध्ये गेलो की स्पेलिंगचा प्रश्न येतो. 'केरवा' हा एक शब्द घ्या. कुणी 'के'नंतर 'एच' घालतं, कुणी घालत नाही, कुणी शेवटी 'व्ही' लिहितं, कुणी 'डब्ल्यू', आणि उत्तरेकडचा पॅक असेल तर तो 'कहरवा' होऊन येतो. हलगीत मधे 'ए' आहे की नाही, संबळात 'एच' आहे की नाही, सगळीच मौज. तुम्ही एका स्पेलिंगने शोधता आणि तुमच्याच डिस्कवरच्या निम्म्या फाइली दडून बसतात. एक साधी मजकुराची फाइल करा. त्यात तुमच्या तीस-चाळीस शब्दांची तुम्ही ठरवलेली स्पेलिंगं लिहून ठेवा. फळीवर येणारी प्रत्येक फाइल त्याच स्पेलिंगने. गोदामातली नावं चुकीची असली तर असोत.

दुसरा घोळ 'ढोल' या शब्दाचा. ब्राउझरचा शोध शब्दाचा तुकडाही पकडतो, त्यामुळे 'ढोल' टाकलं की ढोलक आणि ढोलकीही येतात. वर परदेशी पॅकवाल्यांना पंजाबी ढोल आणि आपल्या पथकाचा ढोल यातला फरक ठाऊक नसतो. पहिला दोन काठ्यांवर वाजतो, दुसऱ्यात एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप, आणि मोकळ्या रस्त्यावर पन्नास ढोल एकदम वाजले की जो आवाज होतो त्याला एकट्या ढोलाचा सॅम्पल कधीच पुरत नाही. म्हणून माझ्याकडे नुसता 'ढोल' हा शब्दच नाही. 'पंजाबीढोल' आहे, 'पथकढोल' आहे, आणि दोन्ही जोडून लिहिलेत. ताशाचंही तसंच, 'ताशातर्री' वेगळा शब्द, कारण तर्री हवी असते तेव्हा सुटे ठोके ऐकत बसायचं नसतं.

नावाचा क्रम मी असा ठेवतो: वाद्य, काय वाजतंय, ताल, लय, पट्टी, शेवटी पॅकची दोन-तीन अक्षरांची खूण. उदाहरणार्थ, देवनागरीत लिहिलं तर 'ढोलकी_लावणी_केरवा_१०४_के१_एसपी'. 'के१' म्हणजे काळी एक, 'पी४' म्हणजे पांढरी चार. सॉफ्टवेअर काळी एकला सी शार्प आणि पांढरी चारला एफ म्हणतं, पण स्टुडिओत तबलजी आला की तो काळी एकच म्हणणार, गायक आपली पट्टी तशीच सांगणार, मग फाइलीने का वेगळी भाषा बोलावी? ही पट्टी लिहून ठेवणं कंटाळवाणं आहे, पण तबला-ढोलकीच्या लूपला ती नसेल तर तो लूप निम्मा निकामी. तबला दोन-तीन स्वरांपलीकडे सरकवला की चाट (काठावरचा ठोका) पत्र्यासारखी वाजायला लागते. त्यामुळे गाण्याच्या पट्टीच्या आसपासचेच तबले पहिल्या शोधात यायला हवेत.

लयीकडे मात्र जरा थांबून बघायला हवं. लूप टाकला की सॉफ्टवेअर त्याचा टेम्पो स्वतः ओळखतं, आणि ओळखताना बहुतेक वेळा तो चार, आठ किंवा सोळा ठोक्यांचा आहे असं धरतं. केरव्याला हे चालून जातं: आठ मात्रा, ४.८ सेकंद, म्हणजे १००, बरोबर. आता दादरा घ्या. सहा मात्रा, फाइल बरोबर तीन सेकंदांची. खरी लय १२०. सॉफ्टवेअरने त्या तीन सेकंदांत चार ठोके धरले तर ते ८० म्हणेल, आठ धरले तर १६०. तीन सेकंदांचा रूपक असेल तर सात मात्रा, लय १४०, आणि यंत्र पुन्हा ८० किंवा १६०च सांगणार. तुम्ही प्रिव्ह्यू करता तेव्हा हा चुकीचा आकडा धरून लूप ताणला जातो, कानाला घाणेरडा लागतो आणि तुम्ही पुढे जाता. चांगला लूप केवळ यंत्राच्या चुकीमुळे नापास झाला. असे किती लूप मी वर्षानुवर्षं नापास केले कोण जाणे.

यावर उपाय दोन पायऱ्यांचा आहे. फळीवर आलेला प्रत्येक दादरा, रूपक, झपताल एकदा ट्रॅकवर टाका, पहिली मात्रा जिथे पडते तिथे सुरुवात लावा आणि क्लिपच्या टेम्पोच्या खान्यात खरा आकडा लिहा. आकड्याचं सूत्र सोपं आहे: मात्रा गुणिले ६०, भागिले फाइलीचे सेकंद. मग क्लिपमधलं सेव्हचं बटण दाबा, म्हणजे हीच माहिती त्या फाइलीची कायमची ओळख होते. लाइव्ह ती शेजारच्या एएसडी फाइलीत लिहून ठेवतं. या एएसडी फाइली कचरा समजून पुसणारे लोक मी पाहिलेत. पुसू नका, आणि वेव्ह फाइल कुठे कॉपी केलीत तर जोडीची एएसडीही न्या. दोघींची नावं जुळलेली असावी लागतात, म्हणून आधी नाव बदला, नंतर लय दुरुस्त करा. मी उलट केलं होतं आणि चाळीस फाइली पुन्हा केल्या.

आणखी एक, लय मोजायची कशाने? तोच दादरा मात्रेने मोजला तर १२०. पाश्चात्त्य पॅकवाला मात्रेला आठवा भाग धरून सिक्स-एटमध्ये लिहील, मग पाव भागाच्या टेम्पोने ६०. आणि तीन-तीन मात्रांचे दोन ठोके मोजणाऱ्याच्या हिशेबाने ४०. तिघेही बरोबर. फळीवर मात्र एकच मोजमाप असू दे. माझं मात्रेचं आहे, कारण वादकाशी बोलताना तेच कामी येतं.

ब्राउझिंगचा वेग वाढवणाऱ्या काही सवयी आहेत, त्या भराभर सांगतो. प्रिव्ह्यूमध्ये 'रॉ'चं बटण असतं. ते बंद असलं की लूप तुमच्या गाण्याच्या लयीत वाजतो, चालू केलं की मूळ लयीत. ठेका शोधताना बंद ठेवा. प्रिव्ह्यूचा आवाज गाण्याच्या थोडा खालीच असू दे. मोठ्याने वाजणारी गोष्ट माणसाला नेहमीच जास्त चांगली वाटते आणि काही पॅकवाले याच भांडवलावर जगतात. म्हणून फळीवरच्या सगळ्या थापा मी साधारण उणे सहा डेसिबलच्या शिखरावर आणून ठेवल्यात, म्हणजे तुलना आवाजाच्या पोताची होते, जोराची नाही.

आणि थापेची निवड नुसती ऐकून करू नका, वाजत्या गाण्यात करा. ड्रम रॅकमध्ये (सुट्या थापा वाजवायच्या लाइव्हमधल्या वाद्यात) कुठलीही एक हलगी टाका, ठेका लिहा, गाणं लूपवर वाजत ठेवा. मग क्यू दाबून हॉट-स्वॅप, म्हणजे आवाज जागच्या जागी बदलायची सोय, चालू करा आणि बाणाने खाली जात एंटर मारत राहा. प्रत्येक थाप जागच्या जागी, गायकाच्या आवाजाखाली, बासच्या शेजारी ऐकू येते. एकटी ऐकताना भरदार वाटलेली हलगी गाण्यात चिखल करते आणि किरकोळ वाटलेली नेमकी बसते. दहा मिनिटांचं काम दीड मिनिटावर आलं ते माझ्याकडे या एका कळीने, फोल्डरांनी नव्हे.

स्वतः रेकॉर्ड केलेल्या थापांच्या सुरुवातीची शांतता कापा. जत्रेत, तालमीत रेकॉर्ड केलेल्या फाइलींत थापेआधी ५०-६० मिलिसेकंद रिकामे सुटलेले असतात. १२०च्या लयीत सोळावा भाग १२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे तुमची हलगी जवळजवळ अर्ध्या सोळाव्याने मागे पडते. मग तुम्ही म्हणता की सॅम्पलमध्ये दम नाही. दम आहे, उशीर झालाय. आणि ज्यांना रेकॉर्ड केलंत त्या वादकांचं नाव, तारीख, दिलेलं मानधन आणि 'हे आवाज पुढे वापरू' याला मिळालेला होकार एका छोट्या फाइलीत त्याच फोल्डरात लिहून ठेवा.

लाइव्ह १२मध्ये टॅगची गाळणी आणि मिळत्याजुळत्या आवाजाचा शोध आहे. किक, स्नेअर, हॅटसाठी तो शोध खरंच छान चालतो. एक किक आवडली, थोडी वेगळी हवी, की तो गोदामाच्या तळातून काढून देतो. माझ्या कामात गोदामात शिरायचं ते मुख्यतः याच दारातून. पण ढोलकीची चाट दिली की तो कधी रिमशॉट आणतो, कधी बाँगो, आणि एकदा त्याने चक्क दार आपटल्याचा आवाज आणला होता. (तो मी वापरला. चांगला बसला.) एक्सओ, अॅटलससारखी आवाजांचा नकाशा दाखवणारी सॉफ्टवेअरंही सुट्या थापांना उत्तम, ठेक्यांना फारशी नाहीत. सोनोनिम हे आवाज शोधायचं सॉफ्टवेअरही बघण्यासारखं आहे. यातलं काहीही घेण्याआधी फळी करा. फळी फुकट आहे.

दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: रीपरच्या मीडिया एक्सप्लोररमध्ये फळीचा डेटाबेस करता येतो, क्यूबेसच्या मीडियाबेमध्ये तारे देता येतात, एफएल स्टुडिओत ब्राउझरला बाहेरचा फोल्डर जोडता येतो. विचार तोच. लाइव्हमध्ये 'प्लेसेस'खाली 'अॅड फोल्डर' करून फळी आणि गोदाम वेगवेगळे जोडा. शोधताना आधी फळीवर क्लिक करा, मग शब्द टाइप करा, म्हणजे शोध तेवढ्यातच होतो. गोदाम जोडल्यावर त्याची पहिली यादी बनायला बराच वेळ लागेल. रात्री लावून झोपा.

मालिकांसाठी पाऊस, रिक्षा, दार, भांडी असले आवाज लागत असतील तर त्यांना माझी वरची पद्धत लावू नका. त्या जगात यूसीएस म्हणजे युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टीम नावाची मोफत, सर्वांनी मिळून वापरायची यादी २०२०पासून आहे. नावाच्या सुरुवातीला ठरलेला प्रकाराचा कोड, मग आवाजाचं वर्णन, मग बनवणाऱ्याची आणि स्रोताची खूण. आज ध्वनिप्रभावांच्या पुष्कळ लायब्रऱ्या या नावांनीच येतात आणि साउंड डिझाइनरशी देवाणघेवाण करताना स्पेलिंगचा वाद उरत नाही.

डिस्कबद्दल. बाहेरची फिरती हार्ड डिस्क गोदामाला ठीक, फळीला नाही. ती थोडा वेळ वापरली नाही की झोपते, आणि पहिल्या क्लिकला जागी होईपर्यंत तुमचा धागा तुटतो. शिवाय शेकडो छोट्या फाइली इकडून-तिकडून उचलणं हेच तिचं सगळ्यात कच्चं काम. फळी आतल्या एसएसडीवर ठेवा. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरात ठेवायची असेल तर 'जागा वाचवा' प्रकारची सोय बंद करा, नाहीतर फाइल दिसते पण क्लिक केल्यावर ती आधी इंटरनेटवरून उतरते. बॅकअप मात्र दोन्हींचा, वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क शक्यतो वेगळ्या घरात.

तुमची डिस्क मित्रांच्या मॅकला लागत असेल आणि ती एक्सफॅट (विंडोज आणि मॅक दोघांना चालणारी मांडणी) असेल, तर आणखी एक त्रास ओळखून ठेवा. मॅक अशा डिस्कवर फाइलींच्या जोडीने टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी भुतं सोडतो. नाव तेच, शेवटी वेव्ह, आकार ४ केबी, आणि वाजवलं तर काहीच नाही. विंडोजमधल्या बऱ्याच ब्राउझरांत ती खऱ्या फाइलींसारखीच दिसतात. मोठ्या एक्सफॅट डिस्कवर विंडोज जागेचा सगळ्यात छोटा तुकडा साधारणपणे १२८ केबींचा ठेवतं, म्हणजे ४ केबीचं प्रत्येक भूत १२८ केबी अडवून बसतं. पन्नास हजार भुतं झाली की सहा जीबींहून जास्त जागा गेली, आणि शोधात प्रत्येक हलगी दोनदा. टिंब-अधोरेषेने शोधा, नावाची सुरुवात आणि आकार दोन्ही बघून खात्री करा, मग पुसा. सव्वा लाखाचा तुमचा आकडा यानेच फुगलेला असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

राहता राहिले जुने प्रोजेक्ट. वर सांगितल्याप्रमाणे गोदाम जागचं हलवलंच नाहीत तर काहीही मोडणार नाही. आधीच्या तीन प्रयत्नांत जे हलवलंत त्याचे प्रोजेक्ट उघडल्यावर केशरी पट्टी दिसेल. तिच्यावर क्लिक केलं की हरवलेल्या फाइलींची यादी येते आणि 'ऑटोमॅटिक सर्च'ला गोदामाचा फोल्डर दाखवला की नावावरून तो शोधून देतो. एकाच नावाच्या अनेक फाइली मिळाल्या तर निवड तुम्हालाच करायला लावतो. 'किक १' नावाच्या तुमच्याकडे किती फाइली आहेत ते तेव्हा कळेल. सापडल्या की लगेच कलेक्ट ऑल अँड सेव्ह.

माझ्या त्या २१२ पैकी नऊ कधीच सापडल्या नाहीत. आठ वगळल्या तरी गाण्याला फरक पडत नव्हता. नववी म्हणजे मुखड्यावरची टाळी होती, आणि तिच्याशिवाय मुखडा उघडा पडत होता. पहाटे साडेचारला बाथरूममध्ये माइक लावून मी ती स्वतः वाजवून घेतली. आता ती फळीवर 'माणसं'मध्ये आहे, लाल रंगात.